आत्याबाईंची जपानी

लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची सोयच नव्हती. हे सोप्यात, मी चुलीपुढे. ह्यांना काही सांगायचंच झालं तर मी दाराआडून बांगड्या वाजवायच्या आणि ह्यांनी खाकरायचं, एवढाच आमचा संसार.

एक जागा मात्र मोकळी होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोटात गोळा धरल्यापासून सोप्यात अंथरुणावर असायच्या. दिवस कलला की मी त्यांचे पाय दाबायला बसायची आणि हे उशाशी येऊन बसायचे. आजारी आईजवळ बसलेल्या मुलाला कोण काय बोलणार?

हे पलटणीतले. लढाई संपल्यावर ह्यांची पलटण जपानात पहाऱ्याला गेली होती. स्वातंत्र्य मिळालं त्या साली हे पलटणीतून नाव कापून कडेगावाजवळच्या आमच्या गावी परत आले, ते मोडकीतोडकी जपानी घेऊन. चावडीवर दोन दिवस कौतुक झालं, मग लोक आपापल्या उसाला पाणी पाजायला गेले. ऐकायला उरले आत्याबाईंचे पाय आणि मी. पाण्याला मिझु, भाताला गोहान, असे हे शब्द सांगायचे, अर्थ मराठीतून समजावायचे, आणि मी पोटऱ्या चेपत चेपत म्हणायची. आत्याबाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या. कधी मधेच हसून म्हणायच्या, "चिमन्या चिवचिवल्यावानी वाटतंय गं!"

हळूहळू आम्ही पैशांवर आलो. ओकाने म्हणजे पैसे. ओकाने आरिमास, पैसे आहेत. आरिमासेन, नाहीत. कुणाचे, ते सांगावंच लागत नाही, असं हे म्हणाले. मला ते फार आवडलं, कारण पैसे आमच्याकडे होतेच. नाव कापताना मिळालेल्या रकमेतले बरेचसे ह्यांनी वडिलांच्या हाती दिले होते, पण थोडे मागं ठेवले होते. ते मी उतरंडीतल्या हुलग्याच्या गाडग्यात, हुलग्याखाली दडवले होते. सांगलीला सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हरची जागा मिळणार होती. तिथं एक खोली भाड्यानं घ्यायची, दोघांनीच राहायचं. ओकाने, सांगली, खोलीला हेया, असं आमचं गुफ्तगू आत्याबाईंच्या पायांवरून चालायचं. सांगलीला जपानीत सांगलीच म्हणतात, हे आमच्या कधी डोक्यात आलं नाही. शहाणे दोघेही सारखेच.

त्या खोलीचं मला वेड लागलं होतं, हे मी आज लपवत नाही. तिथं माझी चूल असणार होती आणि नवऱ्याशी तोंड उघडून बोलता येणार होतं.

मार्गशीर्षात आत्याबाईंचं दुखणं बळावलं. मिरजेला नेऊन गोळा काढल्याशिवाय गत्यंतर नाही, असं गावच्या वैद्यानंच सांगितलं. मामंजी संध्याकाळी सोप्यात येऊन टेकले. ह्यांनी दिलेले पैसे उसात गेले होते आणि ऊस अजून रानात उभा होता, हातात काही नव्हतं. ते ह्यांना म्हणाले, "तुझ्याकडं काय हाय का रं? आसलं तर आत्ताच बघ. म्हातारीचं काय खरं दिसंना."

पैसे माझ्या ताब्यात होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओकाने आरिमास का?"

आहेत की नाहीत, हे का ह्यांना ठाऊक नव्हतं? द्यायचे का, एवढंच ते विचारत होते. त्यांना द्यायचे होते, ते मला डोळ्यांत दिसलं. माझ्या हातात आत्याबाईंचा पाय होता, काटकीसारखा. आणि मी म्हणाले, "आरिमासेन."

मामंजींना वाटलं, पोरांचा खेळ चाललाय. हे खाली मान घालून म्हणाले, "न्हाई आबा, काय न्हाई."

आत्याबाईंनी पाय ओढून घेतला. हाताचा आधार घेऊन त्या उठून बसल्या, गळ्यातली बोरमाळ काढली आणि मामंजींच्या पुढ्यात ठेवली. मग माझ्याकडे बघत, अगदी स्पष्ट, आमच्या ह्या जपानीच्या मास्तरांपेक्षाही स्वच्छ म्हणाल्या, "ओकाने आरिमास."

मामंजी खो खो हसले. "आगं म्हातारे, तू बी जपानी झालीस व्हय!" आत्याबाईही हसल्या. आम्ही दोघं तेवढे हसलो नाही. इतके दिवस आम्ही ज्यांच्या पायांवरून बोलत होतो त्यांना कानही आहेत, हे आम्ही धरलंच नव्हतं. आजारी माणूस म्हणजे अंथरूण, असंच मी समजून चालले होते.

पहाटे गाडी जुंपली. मी गाडग्यातले सगळे पैसे पदरात बांधून आणले आणि गाडीत बसलेल्या आत्याबाईंच्या हातात कोंबायला गेले. त्यांनी माझी मूठ मिटली.

"ऱ्हाऊ दे पोरी. खोलीला लागत्याल. सांगलीत भाडं लय आसतंय."

आवाजात राग असता तर मी त्या रागाला धरून राहिले असते. राग नव्हता. गाडी टेसनाच्या वाटेला लागली आणि मी पदराचं गाठोडं धरून उभी राहिले.

मिरजेला आत्याबाई बऱ्या झाल्या. गावात परतल्यावर त्यांची जपानी ह्यांच्यापेक्षा जास्त गाजली. बाया मुद्दाम बघायला यायच्या. त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे कुणी बघितलं तर त्या पदर ओढून घ्यायच्या आणि जपानीचा विषय काढायच्या.

"म्हातारे, बोल की जपानी."

"ओकाने आरिमास. पैसं हायेत."

बाया हसून हसून बेजार व्हायच्या. एकदा एकीनं विचारलं, "आन् न्हाईत म्हनायचं आसलं तर?"

मी आत भाकरी थापत होते. माझा हात थांबला.

"त्ये मला येत न्हाई गं," आत्याबाई म्हणाल्या. "त्ये सूनबाईला इचारा."