बाळसं

दवाखान्यातल्या मडमेनं आम्हा नर्सांना शिकवलं होतं, की आधी घरच्यांना विचारायचं, मग बाळाला तपासायचं. मडम विलायतेची, तिला बेळगावजवळच्या वडगावची माणसं काय ठाऊक! विणकराच्या घरात जाऊन बाळाची चौकशी केली, की मागावर बसलेली आजी धोटा न थांबवता म्हणायची, "कुठलं बाई, लई वाळलंय." झोळीत बघावं तर गुबगुबीत पोर गालावर तीट मिरवत हातपाय झाडत असायचं. दृष्ट लागेल म्हणून धडधाकट पोराला चांगलं म्हणायचं नाही, आणि आजारी पोराबद्दल अभद्र बोलायचं नाही. त्यामुळं "बरं हाय की" ऐकलं, की मी आधी झोळीकडं धाव घ्यायचे. या अडाणीपणावर मी दवाखान्यात येऊन यथेच्छ तोंडसुख घ्यायचे.

पुढं मला मुलगा झाला. तो सहा महिन्यांचा असताना मडम घरी आली आणि त्याला उचलून म्हणाली, "काय सुंदर बाळ!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठलं बाई, बाळसंच धरत न्हाय."

मडमेनं ते खरं मानलं आणि माशाच्या तेलाची बाटली पाठवली. पोरगं तोंड वेंगाडायचं, तरी मी पाजत राहिले. दृष्ट लागण्यापेक्षा ते बरं.