आकाश कापलेले फोटो

माझ्या मामाला सगळं गाव 'हसू नका' म्हणतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, परवान्याचे, ओळखपत्राचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दिवे लागतात आणि कॅमेऱ्यामागून मामाचा आवाज येतो, "हनुवटी खाली. हसू नका." जन्मभर हेच बोलणाऱ्याला दुसरं काय नाव पडणार? चांगली हसतीखेळती माणसं त्याच्या फोटोत मयताला आल्यासारखी दिसतात. त्याला मामाचा इलाज नाही, कचेऱ्यांना तसलेच चेहरे लागतात.

थंडी ओसरायला लागली की मात्र हा माणूस हाताबाहेर जातो. दुकानावर 'दुपारी येतो' अशी पाटी लटकते आणि मामा कुठल्यातरी टेकडीवर पोटावर झोपायला निघतो. रानफुलांचा फोटो पोटावर झोपूनच काढायचा, उभ्यानं काढला तर तो गवताचा येतो, असं त्याचं म्हणणं. आधी कुठं बघायचं आणि मग कुठं, हे त्याचं ठरलेलं असे. कालव्याच्या बांधाची ऊन खाणारी बाजू अगोदर फुलते, सावलीची मागाहून. जुन्या दफनभूमीची मागची भिंत सहसा निराश करत नाही, कारण तिथं गवत कापायला कोणी फिरकत नाही. वणवा लागून गेलेली टेकडी पुढच्या वसंतात हमखास बघावी. शेळ्या दिसल्या तर गाडीतून उतरूसुद्धा नये. आणि हे सगळं वारा सुटायच्या आत, नाहीतर फुलं डोलायला लागतात आणि मामा त्यांच्यावर खेकसतो. गिऱ्हाइकांवर नाही खेकसत, फुलांवर खेकसतो.

फुलांची खरी नावं त्याला येत नाहीत आणि शिकायचीही नाहीत. सकाळी उशिरा उघडणाऱ्या आणि संध्याकाळच्या आत मिटणाऱ्या पिवळ्या फुलाला तो 'कारकून' म्हणतो. दुसऱ्याच्या अंगावर रेलून वाढणारं एक पांढरं फूल आहे, ते 'धाकटा मेहुणा'. धाकटा मेहुणा म्हणजे माझे वडील.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मामी बरोबर जायची. ऊन कडक असलं की फुलावर सावली धरायला पांढरी चादर लागते. ती ताणून मामी उभी राहायची आणि मामा खाली झोपून बटणं दाबायचा. "यांनी मला फुलं दाखवायला नेलं आणि मी चादर बघून आले," असं ती अजून सांगते. पुढं तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि दुकान सांभाळायलाही कोणीतरी हवंच होतं. ती मागं राहिली आणि मामा एकटा जाऊ लागला.

मामाच्या फोटोंत आकाश नसतं. फूल असतं, फुलाच्या मागं फुलं असतात, आणि फोटो संपतो. डोंगराची रेघ नाही, झाड नाही, घर नाही. हे पूर्वी असं नव्हतं. एकदा त्यानं लाल फुलांच्या कुरणाचा मोठा फोटो दुकानाच्या काचेत लावला. कोपऱ्यात पाण्याची टाकी आली होती. टाकी सगळ्यांनी ओळखली. मग नवरानवरीचे फोटो काढायला गाड्या गेल्या, बाळांना फुलांत बसवून झालं, कुत्री लोळली. दुसऱ्या वर्षी कुरणात नुसतं गवत होतं. तेव्हापासून मामानं आकाश कापायला सुरुवात केली. 'जागा कुठली?' असं कोणी विचारलं की तो दिवा नीट करायला लागायचा.

त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो निळ्या उताराचा. स्टुडिओच्या भिंतीवर तो कितीतरी वर्षं आहे. खालपासून वरपर्यंत निळं, मध्ये बोट ठेवायला जागा नाही. त्या जागेसाठी लोकांनी मामाची काय मनधरणी केली म्हणून सांगू. मामा नुसता गालात हसायचा. आम्हाला वाटायचं, काय हा माणूस, किती पोटात ठेवतो.

मग मामीचे डोळे बिघडले. एका डोळ्याची नजर आधीच गेली होती, आम्हाला ते वय वाटलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की कडेचं दिसत राहील, पण मधलं जाईल. जिकडं बघावं तिकडंच डाग दिसेल. इंजेक्शनांनी थोडे दिवस ढकलता येतील, पण पुढच्या वसंताची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या.

घरी आल्यावर मामी मटार सोलायला बसली. शेंगेकडं न बघता सोलत होती. "अहो," ती म्हणाली, "मला तो निळा उतार बघायचाय."

"बघू," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही 'बघू'. तिसऱ्या दिवशी मामीनं विषयच काढला नाही आणि मला ते सहन झालं नाही. मी तडक स्टुडिओत गेले आणि त्याला फैलावर घेतलं. "बाहेरच्यांना नको सांगूस. पण बायकोलाही नाही? कुठं घेऊन जाणारेस ती जागा?"

मामा स्टुलावर बसला, जिथं गिऱ्हाइकं बसतात तिथं. "सांगायला मला ठाऊक तर पाहिजे," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. त्या वर्षी पुलाचं काम चालू होतं म्हणून रस्ता दुसरीकडून वळवला होता. सकाळी दाट धुकं होतं. मामा कुठंतरी चुकीचा वळला, गाडी सोडून चढायला लागला आणि पायाखाली एकदम निळं आलं. त्यानं फोटो काढले, नेहमीच्या सवयीनं नजर जमिनीवरच ठेवून. मान वर करून बघायचं त्याला सुचलं नाही. बघितलं असतं तरी धुकंच होतं. पुन्हा सापडेल, अशा खात्रीनं तो परतला. त्यानंतर दर वर्षी शोधलं, पण सापडलं नाही.

"आणि आम्ही समजत होतो तू लपवतोस."

"तुम्ही समजलात. मी समजू दिलं."

मामीला सांगितल्यावर ती आधी खूप हसली. मग तिला रडू आलं. मग म्हणाली, "चला, शोधू."

आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघायचो. पुलाच्या आसपासचा एकही फाटा सोडला नाही. मामी मागं बसायची आणि मामा प्रत्येक उतारावर उतरून आडवा व्हायचा, कारण त्याला ती जागा तेवढ्याच उंचीवरून माहीत होती. एक म्हातारा माणूस रिकाम्या टेकडीवर पालथा पडून मान इकडंतिकडं करतोय, हे बघून दोनदा लोकांनी गाडी थांबवून मला विचारलं, काही झालंय का यांना? कारकुनांच्या पाकळ्या गळायला लागल्या होत्या. ऋतू संपत आला होता आणि गाडीत आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

एका सकाळी मी स्टुडिओत गेले तर निळा उतार भिंतीवर नव्हता. तो काचेत होता, रस्त्याकडं तोंड करून. खाली मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही जागा कुठली? माहीत असल्यास आत येऊन सांगावे.'

मामी काउंटरपाशी उभी होती. "अहो, लाल कुरणाचं काय झालं विसरलात का?"

"नाही विसरलो."

"मग काढा तो कागद. मला नाही बघायचं."

"काढणार नाही," मामा म्हणाला. त्याचा चढलेला आवाज मी त्याआधी फक्त फुलांच्या बाबतीत ऐकला होता.

कागद सगळ्या गल्लीनं वाचला. अंदाज सांगणारे पुष्कळ आले, सगळे चुकीचे. शेवटी ओळखपत्राचा फोटो काढायला वीज खात्याचा लाइनमन आला. दुकानात गर्दी होती. स्टुलावर बसता बसता तो सहज म्हणाला, "ते बाहेर लावलंय ना, ते आमच्या मोठ्या तारांखालचं आहे. झुडपं तारांना टेकू नयेत म्हणून आम्ही ती तोडत असतो. मोकळं झालं की निळं येतं." मग त्यानं रस्ता सांगितला, खणखणीत आवाजात, खाणाखुणांसकट. मामानं त्याला थांबवलं नाही. दुकानातली सगळी माणसं कान देऊन ऐकत होती आणि मामाला ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिथं पोहोचलो. वर जाडजूड तारा गुणगुणत होत्या. खाली ते निळं होतं. फोटोपेक्षा फिकं, पण कितीतरी जास्त. मामी चालत मध्यापर्यंत गेली, पाय कुठं टाकायचा ते बघत बघत, आणि खाली बसली. मान थोडी तिरपी करून ती एकेका फुलाकडं बघत होती. जवळ जाऊन बघत होती, लांबून बघत होती, हातानं बघत होती. मी मामाला म्हटलं, कॅमेरा काढ ना. तो म्हणाला, "आज नको." ऊन डोक्यावर येईपर्यंत तिचं बघणं चालू होतं. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मामाकडं तर मला बघवत नव्हतं.

रविवारी तारांखाली गाड्यांची रांग लागली. कोणी फुलं कंदासकट उपटून कुंड्यांसाठी नेली, उरलेली बी धरायच्या आत पायांखाली गेली. मामानं चौकशी केली नाही आणि मामीजवळ कोणी विषय काढला नाही.

पुढचा वसंत आला तेव्हा तिच्या नजरेच्या मध्यभागी डाग बसला होता. तरी ती म्हणाली, तिकडं जाऊ या. मामानं दुकानाचं निमित्त सांगितलं, मग गुडघ्यांचं, मग माझ्या गाडीचं. ती ऐकेना.

उतारावर चाकांच्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या होत्या. मी मामीचा दंड धरून उभी होते.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

मी मामाला डोळ्यांनी खुणावत होते, सांग काहीतरी, गोड बोल, तिला कुठं दिसणार आहे.

"काही उरलं नाही," मामा म्हणाला. "सगळं तुडवलंय."

"माहितीये. दुकानात बसून मला ऐकू येतं." मग जराशानं ती म्हणाली, "वाईट वाटतं?"

"फार वाटतं. रोज वाटतं." मामानं नाक पुसलं. "पण तू म्हणालीस तर कागद पुन्हा लावेन."

मान तिरपी करून तिनं कडेनं सगळा उतार चाचपला आणि बोट केलं. "ते बघा, तिकडं आहे एक. निळं."

मामा चालत गेला, वाकला, आणि रिकाम्या हातानं परत आला. "वेफर्सचं पाकीट आहे," तो म्हणाला.

मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मामाही शेजारी बसला. खरं तर तिथं बसण्यासारखं काही नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "माझ्याकडं गेल्या वर्षीचं आहे. तेच पुरवून पुरवून बघेन."