नजीर पिंजाऱ्याचा लंगडा पाय

शहाद्याचा नजीर पिंजारी दिवसभर कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी तालमीत उतरायचा. अंगाने लहान, पण चपळ. आसपासच्या जत्रांत त्याने बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या. १९३४ साली मात्र म्हसावदच्या फडात त्याची जोड सातपुड्यातल्या जालमसिंगशी ठरली. जालमसिंग लाकडं तोडून तयार झालेला गडी. त्याच्या ताकदीपुढे आपण टिकणार नाही, हे नजीर ओळखून होता.

म्हणून कुस्तीच्या आधीच्या आठवडी बाजारापासूनच तो डावा पाय ओढत चालू लागला. गुडघ्याला हळदीची पट्टी बांधली. कोणी विचारलं की पाय मुरगळला म्हणे. बायको अकिलाला खरं ठाऊक होतं. तिला ते पटलं नव्हतं. नजीरचा बेत साधा होता. जालमसिंग दुखऱ्या पायाला हात घालायला वाकेल, तेवढ्यात त्याची मान पकडायची.

कुस्ती सुरू झाली, पण जालमसिंग वाकलाच नाही. त्या पायाला धक्का लागू नये म्हणून तो त्या बाजूला जाईचना. नजीरला हे उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्याचे हात सैल पडले. पण भोवती गर्दी ओरडत होती, आणि त्या बाजूने जालमसिंग उघडा होता. त्याच पायावर भार देऊन त्याने जालमसिंगला कमरेवर घेतलं आणि चीत केलं.

पंचांनी नजीरला विजयाचा फेटा बांधला. नजीर लंगडतच निंबाखाली जाऊन बसला. अंगावरची माती न झाडता जालमसिंग तिथे आला. काखेतल्या धोतराच्या गाठीतून त्याने कसलासा पाला काढला आणि गरम करून बांधायला सांगितलं.

नजीरने पाला घेतला नाही. "मन्हा पायले काही व्हयेल नही," तो म्हणाला. "मी लंगडानं सोंग करं व्हतं."

त्याच्या गुडघ्याकडे बघत जालमसिंगने पाला परत गाठीत बांधला.

"मंग हाऊ पाला मी लई जासू. दुसरा कोनले तरी लागी."

नजीरने फेटा सोडून पुढे केला. जालमसिंगने तो घेतला नाही. पुढल्या साली नीट उभा राहून खेळ, एवढं सांगून निघून गेला.

पुढल्या साली नजीर नीट उभा राहिला, बराच वेळ झुंजला आणि हरला. जालमसिंगने हात देऊन त्याला उठवलं. त्या हिवाळ्यात जालमसिंग डोंगरातून मजुरीला खाली आला, तेव्हा नजीरने त्याला तालमीत नेऊन मान पकडायचा डाव शिकवला. जालमसिंग तो मन लावून शिकला. शिकताना त्याची नजर मात्र नजीरच्या पायांवर असे.