उतारावरचा गार्ड

आमचे गार्डमामा रिक्षात बसले तरी वाकून मागेच बघत राहायचे. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं उभा जन्म काढलेला माणूस. पुढं काय येतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा मंगळवेढ्याची एसटी सुटताना त्यांनी मागच्या सीटवरून सवयीनं झेंडीसारखा हिरवा रुमाल खिडकीबाहेर धरला. कंडक्टर ओरडला, "आजोबा, हात आत घ्या की!" मामा असे ओशाळले की मला हसू आवरेना.

भवानी पेठेत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला: इंजिनं यायच्या आधी घोडे जी ओढत त्या रेल्वेचा, आणि तिच्या गार्डांचा, इतिहास लिहायचा. ऐकायला मी एकटा, शाळेत शिकवणारा शेजारी. पण समोर यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून वीज गेली की मामा वही घेऊन माझ्या दारात हजर, आणि वीज आली की वाचन तिथंच बंद.

"चढावर घोडा वढायचा," ते सांगत. "उतार लागला की त्याला सोडवून मागच्या मोकळ्या डब्यात चढवायचं. घोडा निवांत कडबा खातोय, आन् सगळी गाडी एकट्या गार्डाच्या हातातल्या ब्रेकवर. पर कौतुक कुणाचं? घोड्याचं!" कधी न पाहिलेल्या त्या माणसांसाठी त्यांना खरोखर राग यायचा.

अलीकडे काही मालगाड्या गार्डाशिवाय धावू लागल्या. शेवटच्या डब्याला लुकलुकणारी एक पेटी लावतात. पुलावरून ती पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मग त्यांनी शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं: इंजिन आल्यावर घोडारेल्वेच्या गार्डांचं काय झालं? "ह्ये तुकड्या-तुकड्यानं न्हाय वाचायचं, सर. एका बैठकीत ऐका. एकानं जरी ऐकलं तरी माजं काम झालं."

पेठेतल्या वाचनालयानं त्यांना रविवारी सकाळी अर्धा तास दिला. मामा जुना पांढरा गणवेश इस्त्री करून आले. श्रोते आम्ही चौघं. त्यातले तिघे पेपर वाचायला आलेले, ते लवकरच उठले. मामा माझ्याकडे बघत वाचत होते. शेवटच्या प्रकरणाचं पान उलटलं आणि माझा फोन वाजला. खाली मित्र हुरड्याला निघायला गाडी घेऊन थांबले होते. मी मामांना खुणेनंच 'येतो' म्हटलं आणि निघालो. जिना उतरताना त्यांचा आवाज ऐकू येत होता. रिकाम्या खुर्च्यांना ते वाचतच होते.

संध्याकाळी मी माफी मागितली. "आसूं द्या की. वाचू पुन्यांदा, सवडीनं," मामा म्हणाले. ती सवड मी काढली नाही, याची मला लाज वाटते.

उन्हाळ्यात भाची त्यांना अक्कलकोटला घेऊन गेली. तिथंच ते गेले. मला कळलं ते तेरावं उरकल्यावर. मी वही मागायला गेलो. भाचीनं चहा दिला आणि म्हणाली, "वही व्हय? रद्दीत गेली की. वाचणारं कोण हुतं?"

घोडारेल्वेच्या त्या गार्डांचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही. सांगणारा सांगत होता. मीच उठून गेलो.