काकूंच्या कुकरची शिटी आणि इतर गायब वस्तू

छंद घरातल्या सटरफटर वस्तूंचा असला, की त्या गायब होतात आणि किस्से तेवढे जमत जातात. आम्ही तिघं, म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले वानखेडे काका, दाताची डॉक्टर सोनल आणि मी, दर रविवारी चौबे कॉलोनीत काकांच्या डायनिंग टेबलवर अशा वस्तूंची इवलीइवली दृश्यं बनवतो.

एकदा काकांनी आमच्या गावच्या उरला औद्योगिक भागातला लोखंडाचा कारखाना केला. तिकडे काकू डाळ लावायला गेल्या, तर कुकरची शिटी नाही.

"अहो, माही शिटी पाहिली काय?"

"पाहिली. पण चिमणी आहे ती आता. शिफ्ट चालू आहे."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी दही-पोहे खाल्ले.

सोनलनं क्लिनिकच्या काउंटरवर आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातला बाजार मांडला होता. काडेपेट्यांची दुकानं, पिस्त्याच्या टरफलांच्या टोपल्या आणि हिरवी भाजी म्हणून बडीशेप. सोनलला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. रविवारी येऊन म्हणाली, "एक पेशंट बैठे-बैठे पूरी सब्ज़ी मंडी खा गया. ऊपर से बोला, दीदी, सौंफ थोड़ी पुरानी है."

मी स्टेशन केलं, प्रवाशांना साखरफुटाण्यांची डोकी लावली. सकाळी पाहते तो सगळा प्लॅटफॉर्म मुंग्यांनी भरलेला, आणि दोन प्रवासी चक्क चालत निघालेले. माझ्या कलेबद्दल आजवर चकार शब्द न काढलेला नवरा चहा पिता पिता म्हणाला, "गाडी आलेली दिसते."

आणि मग काकूंचा वाढदिवस. काकांनी दोन महिने लपवून, लग्नानंतरच्या पहिल्या रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर बनवलं होतं. बाटलीच्या झाकणाचा स्टोव्ह, टिकल्यांच्या ताटल्या, मोरीत भांड्यांचा ढीग. तारेच्या काकू पोळ्या लाटून राहिल्या आहेत, तारेचे काका स्टुलावर पेपर वाचून राहिले आहेत.

काकू वाकून एकेक वस्तू बघू लागल्या. काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"सगळं तसंच आहे," त्या म्हणाल्या. "मोरीसुद्धा."

मग त्यांनी सोनलच्या हातातून तिचा दवाखान्यातला बारीक चिमटा मागून घेतला, तारेच्या काकांना स्टुलावरून उचललं, त्यांचे वाकवलेले पाय सरळ केले आणि मोरीत भांड्यांपुढे उभं केलं. तारेच्या काकूंना पोळ्यांपुढून उचलून स्टुलावर बसवलं, हातात पेपर दिला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता डिंक लावा."