बर्फ न टिकणारं छप्पर

किशरेवमध्ये एखाद्या घराची परीक्षा करायची तर आत जायची गरज नसे. बर्फ पडून गेला की सकाळी रस्त्यात उभं राहायचं आणि छपरं बघायची. ज्या छपरावरचा बर्फ आधी वितळला त्या घरची बाई खमकी. लाकूड भरपूर, भट्टी कधी विझत नाही, पोरं कुडकुडत उठत नाहीत. जिथे बर्फ तसाच पडून, तिथे काहीतरी बिनसलेलं. नवरा पितो, नाहीतर बाई अंथरुणाला खिळलेली. आणि अख्ख्या गावात सगळ्यांत आधी लाल कौलं दिसायची ती गिझी हाल्मोशच्या घराची. वर्षानुवर्षं यात बदल झाला नाही.

गिझी ही गावच्या शाळेची भट्टीवाली. नवरा वेंडेल जंगलात लाकूड तोडायचा. तो तोडतो आणि ही जाळते, असं लोक गमतीनं म्हणत. शाळा भरायच्या आधी प्रत्येक वर्गातली उंच भट्टी तिनं पेटवलेली असे. कुठला ओंडका लवकर पेट घेतो, कुठला दुपारपर्यंत निखारा धरतो, हे तिला हातात घेतल्या घेतल्या कळे. मुख्याध्यापक बदलले, राजवट बदलली, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण लिहिताना कुणा मुलाची बोटं आखडली असं कधी झालं नाही. आज गावात जे कुणी दोन ओळी धड लिहू शकतात, त्यांनी ती अक्षरं गिझीमावशीच्या उबेत गिरवलीत. हे ती स्वतःच सांगायची, आणि खरं असल्यामुळे कुणी हरकत घेत नसे.

तिची धाकटी बहीण इल्का लग्न होऊन नदीपलीकडे गेली. इपोय नदी ती काय, उन्हाळ्यात गुरं चालत पार करतात, पण पलीकडे दुसरा देश. पूल लढाईत उडाला होता, आणि तो पुन्हा बांधावा असं दोन्हीकडच्या सरकारांना कित्येक वर्षं वाटलंच नाही. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या घरी जायला परवाना काढून, लांबच्या नाक्यावरून वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. मग बहिणी एकमेकींची खुशाली छपरावरूनच वाचू लागल्या. गिझी माळ्यावरच्या झरोक्यात उभी राहून बघे. धूर निघतोय, कौलं उघडी आहेत, म्हणजे इल्काचं बरं चाललंय. पुढे पूल झाला, नाका गेला, हातात फोन आले. झरोक्यातून बघायची सवय तेवढी राहिली.

मागच्या हिवाळ्यात गिझी लाकडांची टोपली घेऊन अंगणातल्या बर्फावर पडली. हाड मोडलं नाही, पण तिच्या मुलाचा, साबोल्चचा, धीर सुटला. तो शहरात बस चालवतो. पंचाहत्तरीला आलेल्या आईनं रोज लाकडं फोडायची आणि वाहायची, हे त्याला बघवत नव्हतं. त्यानं शहरातल्या वृद्धाश्रमात खोली ठरवली आणि सांगून टाकलं, की येत्या फेब्रुवारीत मी तुला न्यायला येणार. गिझीला घर सोडायचं नव्हतं. वेंडेल ज्या घरातून गेला त्याच घरातून आपणही जायचं, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. पण टोपली दरवर्षी जड होत चाललीय, हेही तिला कळत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरकारी योजनेची माणसं गावात फिरली. जुन्या घरांच्या माळ्याच्या जमिनीवर दगडापासून बनवलेल्या लोकरीचा जाड थर अंथरून देणार, म्हणजे खोलीतली ऊब वर पळणार नाही. सगळा खर्च योजनेतून. अट एकच, माळा रिकामा करायचा आणि पुन्हा त्यावर काही ठेवायचं नाही. गिझीच्या माळ्यावर अक्रोड, मक्याची कणसं, कांद्याच्या वेण्या आणि धुरी दिलेल्या डुकराच्या मांड्या. तिनं त्या माणसांना घरची प्लमची दारू पाजली, खसखशीचा केक खाऊ घातला आणि गोड बोलून फाटकाबाहेर काढलं. माळ्याचं निमित्त होतं. आपल्या घरची ऊब पळते असं कुणी म्हणावं, हे तिला झोंबलं होतं.

सप्टेंबरात दोघी बहिणी इल्काच्या अंगणात प्लमचा मुरंबा शिजवायला बसल्या. हे काम दिवसभराचं. मोठ्या कढईत लाकडी दांडा सतत फिरवत राहायचा, आणि हात अडकले की तोंडं मोकळी राहतात. गिझीनं सरकारी माणसांना कसं वाटेला लावलं ते रंगवून सांगितलं. इल्का म्हणाली, आमच्याकडेही अनुदान मिळतंय, मी अर्ज केलाय. तुमच्याकडे आधी काम करा आणि मग पैशांची वाट बघा, तुला मातीत ठेवल्यावर येतील, असं गिझीनं ऐकवलं. झालं, मग आमचं सरकार आणि तुमचं सरकार असं जुंपलं, जणू दोघींनी आपापली सरकारं लहानाची मोठी केली होती. शब्दाला शब्द वाढत गेला आणि इल्काच्या तोंडून निघून गेलं, "ताई, तू जन्मभर आभाळ तापवलंस. इथून दिसतं मला."

भट्टीवालीला याहून वाईट काही म्हणता येत नाही. गिझीनं दांडा कढईत सोडला, ॲप्रन काढून कुंपणावर टाकला आणि पूल ओलांडून घरी आली. त्या दिवसापासून अबोला. पलीकडची बातमी कुणी सांगू लागलं की ती विषय बदलायची.

नाताळच्या आधी बर्फ कोसळला आणि मग लख्ख ऊन पडलं. अलीकडची, पलीकडची छपरं एकेक करून उघडी पडली. अबोला असला तरी डोळ्यांना बंदी नव्हती. गिझी झरोक्याशी गेली. इल्काचं छप्पर पांढरंफटक होतं. दुसऱ्या सकाळीही तसंच, आणि धूर तर आहे की नाही तेच कळेना. फोन करता आला असता, पण तो वाजतच राहिला तर काय, या विचारानं तिचा हात पुढे जाईना. तिनं घसरगाडीवर चांगली वाळलेली लाकडं रचली, वर घेवड्याच्या सूपचं पातेलं बांधलं आणि ती ओढत पुलावर निघाली. वाटभर ती स्वतःला शिव्या घालत होती.

दार इल्कानंच उघडलं. अंगात पातळ ब्लाउज, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पिठानं माखलेले.

"जिवंत आहेस तर," गिझी म्हणाली आणि उंबऱ्यातच मटकन बसली.

"अगं ताई, झालं काय?"

"तुझ्या छपरावर बर्फ आहे. कालपासून बघतेय. मला वाटलं, भट्टी विझून आत पडलीयस."

इल्काला आधी हसू आलं, मग बाहेरची लाकडं दिसली आणि तिला रडू फुटलं. अनुदान खरोखरच मंजूर झालं होतं. ऑक्टोबरात माणसं येऊन छपराला आतून, वाशांच्या मधे, लोकर भरून गेली होती. आता आतली ऊब कौलांपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून बर्फ वितळत नव्हता. बाहेरून दुसरं काहीच दिसण्यासारखं नव्हतं, आणि ताईला सांगायचं तर ताई बोलत नव्हती.

गिझी उठली आणि थेट भट्टीकडे गेली. तिला हात लावला, तर कोमट. दार उघडून पाहिलं, तर आत दोन ओंडक्यांचा निखारा. मग तिनं खोलीचे कोपरे चाचपले, खिडकीखाली तळवा धरला, छताला हात लावायला खुर्चीवर चढू लागली तेव्हा इल्कानं तिला धरून खाली बसवलं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऊब दिली, तिला या बाबतीत फसवणं शक्य नव्हतं. घर सगळीकडे सारखं उबदार होतं.

"खरंच तापवलं का गं मी आभाळ?" तिनं विचारलं.

इल्का तिच्या शेजारी बसली. "थोडं तापवलंस. पण आभाळाच्या त्या वाटेत आम्ही सगळे शेकून निघालो. त्या दिवशी एवढं म्हणायचं माझं राहून गेलं."

पिठाच्या हातांनीच तिनं ताईचे हात धरले. गिझीनं ते सोडवून घेतले नाहीत.

घरी परतताच तिनं योजनेच्या माणसांना बोलावलं. आपण चुकलो असं ती म्हणाली नाही; म्हणाली, आता तुमच्या कामाची वेळ आली. माळ्यावरचं सामान उतरवायला गल्ली लोटली. मांड्या उत्तरेकडच्या थंड कोठीत टांगल्या. अक्रोड, मका, कांदे घसरगाडीवरून पलीकडे गेले, कारण इल्काची लोकर वाशांत होती आणि तिचा माळा वापरायला मोकळा होता. एका सरकारनं माळा घेतला आणि दुसऱ्यानं दिला, असं गिझी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. ज्या बायका माळ्याच्या मायेपायी अडून बसल्या होत्या त्यांच्या दारात ती स्वतः गेली. अधिकाऱ्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, पण भट्टीवालीच म्हणतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? त्या जानेवारीत आमची अर्धी गल्ली पांढरी राहिली आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही. मला तर त्या म्हातारीचा अभिमान वाटतो, तो असा की सांगता सोय नाही. साठ वर्षांची ऐट एका दुपारी बाजूला ठेवणं गड्यांनाही जमत नाही.

फेब्रुवारीत साबोल्च मित्राची व्हॅन घेऊन आला, रिकामी खोकी भरून. सामान काहीच बांधलेलं नव्हतं. आईनं त्याच्यापुढे सूप ठेवलं. तो सवयीनं लाकडं आणायला उठला, तर ती म्हणाली, बस, उद्यापर्यंत लागणार नाहीत. त्याला ते पटलं नाही. तो मागच्या छपरीत गेला. शरद ऋतूत रचलेली रास जवळजवळ तशीच होती.

आत येऊन त्यानं जाकीट काढलं, मग थोड्या वेळानं स्वेटरही काढला, आणि सूप संपवलं. आई त्याच्याकडे बघत होती. काय विचारायचं ते त्यानंच विचारावं, म्हणून ती थांबली होती.

"आई," तो शेवटी म्हणाला, "त्या खोलीचं काय सांगू त्यांना?"

"ज्याला थंडी वाजते त्याला द्या म्हणावं," गिझी म्हणाली.