नानांचं पान

आमचे प्रकाशक नाना नवं पुस्तक हातात आलं की आधी ते उलटं धरत. डोकं खाली, पाय वर, आणि हात लांब. जळगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कचेरीत मी कॉम्प्युटरवर पानं लावायला लागले, त्या पहिल्याच दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला वाचता येत नसावं. "सुलटं धरलं की माणूस वाचायला लागतो," नाना म्हणाले, "मग पान दिसत नाही. उलटं धर, मोकळ्या जागा कशा डोळ्यांत खुपतात बघ." बघितलं, तर खरंच खुपत होत्या.

कथेच्या शेवटच्या पानावर पाचापेक्षा कमी ओळी उरलेल्या त्यांना खपत नसत. लगेच लेखकाला फोन. "दोन ओळी कापा, नाहीतर चार वाढवा." शिरपूरच्या एका मास्तरांच्या कथेत शेवटी विनाकारण एक शेळी येते आणि निघून जाते. एका वाचकानं त्या शेळीचा गूढ अर्थ लावून लांबलचक पत्र पाठवलं होतं. ती बिचारी पान भरायला आली होती, हे मास्तर, नाना आणि मी, तिघांनाच ठाऊक. अक्षरही त्यांना बारीकच लागे. बारीक अक्षरात पान देखणं दिसतं म्हणे.

अशा माणसाला ईबुक काढायला लावायचं म्हणजे कठीणच काम. "मोबाइलवर आहे का?" असं जो तो विचारू लागला, तेव्हा नाना पीडीएफपुरते तयार झाले, कारण पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं राहतं. ईपबला मात्र साफ नकार. त्यात वाचक अक्षर हवं तेवढं मोठं करतो, ओळी सरकतात, पान म्हणून काही उरतच नाही. मी टॅबवर नमुना दाखवला. नानांनी सवयीनं टॅब उलटा धरला. टॅबनं पान सुलटं करून दिलं. त्यांनी पुन्हा फिरवला, पुन्हा सुलटं. "अगं, हे ऐकतच नाही!" नाना असे काही चिडले, की मी हसू दाबायला माठाकडे पळाले.

त्यांच्या लेखी खरा वाचक एकच, भडगावची अक्का. थोरली बहीण. प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत नाना स्वतः तिला नेऊन देत. ती पुस्तकाला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवी आणि आठवड्यानं तिचा फोन येई, "चांगलं शे, भाऊ." एवढं ऐकलं की नाना दिवसभर हवेत. पेपरात कुणी काही लिहो न लिहो, त्यांना त्याचं सोयरसुतक नसे.

मग नानांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक लिहिलं, भडगावच्या लहानपणाचं. ते छापायला जाण्याआधी अक्कानं वाचावं, म्हणून आम्ही टॅब घेऊन तिच्याकडे गेलो. नानांनी पीडीएफ उघडून दिली. अक्कानं कौतुकानं पाहिलं आणि लगेच म्हणाली, "चांगलं शे, भाऊ."

इतक्या लवकर? मी मुलखाची चोंबडी. नानांना न विचारता तयार करून ठेवलेलं ईपब उघडलं आणि अक्षर इतकं मोठं केलं, की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावल्या. अक्का पुढे वाकली. एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागली. गिरणेच्या पुरात थोरल्या बहिणीच्या चपला वाहून गेल्या, ते आलं तशी खुदकन हसली. "ह्या मन्या चपला व्हत्यात!"

नाना बघतच राहिले. "अक्का, मागली पुस्तकं?"

"बारीक अक्षर, भाऊ. माले दिखेच नही. तू इतला दूरथीन लई येस, तुले कसं सांगू? आते बठ्ठं दिखस."

परतताना गाडीत मी जीव मुठीत धरून बसले होते. पाचोरा मागे पडलं. मग नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं पान देखणं दिसावं म्हणून मी तिलाच पानाबाहेर ठेवलं गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा इतका लळा आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून जुनी पुस्तकं ईपबसाठी निघाली. जुन्या फाँटमधल्या फायली उघडल्या तर अक्षरांचा नुसता काला. नाना छापील प्रत हातात घेऊन वाचून दाखवायचे आणि मी नव्यानं टाइप करायची. एकेक पुस्तक तयार झालं की ते अक्काला देऊन टाकलेल्या टॅबवर. दोन वर्षं हेच चाललं. शेवटचं पुस्तक चढवलं आणि त्याच महिन्यात नाना गेले.

दिवसकार्य झाल्यावर अक्काला भेटले. तिच्या मांडीवर टॅब होता. मलाच रडू आवरेना. तिनं माझा हात धरला. "भाऊना दोन पुस्तकं बाकी शेतस. त्या वाचाई जाऊ दे, पोरी. मंग रडसू."

परवा भडगावला जाऊन आले. त्यातलं एक वाचून झालंय. दुसरं ती उघडतच नाही.